किट विमानाचं धड: कोणता रिवेट कधी मारायचा

बहुतेक धातूच्या किट विमानांत, म्हणजे सुटे भाग विकत घेऊन स्वतः जोडायच्या विमानांत, आधी शेपूट, मग पंख आणि त्यानंतर धड असा क्रम असतो. धडाच्या पेट्या उघडेपर्यंत हाताला रिवेट गनची चांगली सवय झालेली असते, आणि नेमकी तीच इथे नडते. पंखात एकसारख्या रिब्जची, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांची, रांग असते. पहिली जमली की बाकीच्या जमतात. धडात एक भाग दुसऱ्यात शिरतो, दुसरा तिसऱ्याखाली दबतो, आणि एकदा बंद झालेल्या कोपऱ्यात नंतर हात जात नाही. म्हणून धडाच्या कामात रिवेट मारणं हा सोपा भाग आहे. हा रिवेट आज मारायचा नाही, हे ओळखणं खरं अवघड.

हा लेख भरीव रिवेटनी जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या धडाबद्दल आहे. व्हॅन्स कंपनीची आरव्ही मालिका हे त्याचं सगळ्यांत परिचित उदाहरण. झेनिथ आणि सोनेक्सच्या किटमध्ये मुख्यतः एका बाजूने ओढून बसवायचे पॉप रिवेट असतात, तर किटफॉक्सचा सांगाडा ४१३० क्रोमोली स्टीलच्या नळ्यांचा, वेल्ड केलेला. तिथे हत्यारं वेगळी. पण सरळपणा आणि क्रम यांबद्दल पुढे जे आहे त्यातलं बरंचसं तिथेही लागू पडतं. तुमच्या किटचं पुस्तक आणि हा लेख यांत फरक दिसला, तर पुस्तक खरं माना.

पेट्या उघडल्यावर

पहिलं काम मोजणीचं. यादीतला प्रत्येक नग हातात घेऊन त्याचा क्रमांक जुळवा. मोठे पत्रे कुणी विसरत नाही. हरवतात ते जाड कागदात गुंडाळलेले छोटे अँगल आणि स्पेसर. कमी निघालेल्या भागाची तक्रार करायला मुदत असते, त्यामुळे मोजणी 'नंतर बघू' म्हणून ठेवू नका.

पत्र्यांवरची निळी प्लास्टिकची फिल्म वाहतुकीसाठी असते, कायमची नव्हे. वर्षभर तशीच राहिली तर ती चिकटून बसते, आणि तिच्याखाली ओल अडकली तर डाग पडून गंज सुरू होतो. आतल्या बाजूची पूर्ण काढा. बाहेरची ओरखड्यांपासून वाचवायला ठेवायची असेल, तर फक्त रिवेटच्या रांगांवरची पट्टी काढा. त्यासाठी सोल्डरिंग आयर्नचं टोक कानशीने गुळगुळीत गोल करून घ्या आणि पट्टीच्या कडेने हलक्या हाताने फिरवा. फिल्म वितळून कापली जाते, पत्र्याला काही होत नाही. सुरीने कापायला जाऊ नका. पातळ पत्र्यावर सुरीची रेघ म्हणजे पुढे तडा जायला तयार जागा.

खुणांचंही तसंच. ॲल्युमिनियमवर साध्या पेन्सिलीने लिहू नये. ग्राफाइट आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ओलाव्यात त्या रेघेवरच गंज धरतो. सुईने रेघ मारणंही नको. बारीक टोकाचा मार्कर वापरा. घासायला स्टील वूल घेऊ नका, त्याचे लोखंडी कण पत्र्यात रुतून राहतात.

जागा किती लागेल? आरव्ही-७ची एकूण लांबी २० फूट ४ इंच आहे. दोन गाड्यांच्या गॅरेजात धड आरामात मावतं; पण पंख आधीच स्टँडवर उभे असतील, तर धडाभोवती दोन्ही बाजूंनी फिरता येईल एवढी वाट राहते का, हे आधी मोजून घ्या. रिवेट मारताना एक माणूस बाहेर आणि एक आत किंवा समोर असतो. भिंतीला टेकलेल्या धडावर काम होत नाही.

भोकापासून रिवेटपर्यंत

आजकालच्या चांगल्या किटमध्ये भोकं कारखान्यातच पाडून येतात आणि भाग एकमेकांशी आपोआप जुळतात. तरी प्रत्येक जोडाला एकच चक्र लागतं: भाग क्लेकोंनी (भोकांत बसणाऱ्या तात्पुरत्या पकडींनी) जोडा, अंतिम मापाचं ड्रिल मारा, पुन्हा सगळं सुटं करा, बर (भोकाच्या कडेला उरलेली धार) काढा, डिंपल (पत्रा दाबून खड्डा) किंवा काउंटरसिंक (धातू कापून खड्डा) करा, प्रायमर द्या, परत जोडा आणि मग रिवेट. सुटं करण्याची पायरी वगळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ड्रिलचा किस दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलेला असतो. तो तसाच राहिला तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत, आणि रिवेट ठोकताना त्याचा मधला भाग त्या फटीत फुगतो. बाहेरून डोकं छान दिसतं, पण जोड ढिला असतो.

दोन मापं सतत लागतात. ३/३२ इंचाच्या रिवेटला नंबर ४०चं ड्रिल आणि चंदेरी क्लेको. १/८ इंचाच्या रिवेटला नंबर ३०चं ड्रिल आणि तांब्याच्या रंगाचे क्लेको. बाहेरच्या पत्र्यावर सपाट डोक्याचा एएन४२६, आतल्या सांगाड्यावर गोल डोक्याचा एएन४७०. पूर्ण नावात, उदाहरणार्थ एएन४७०एडी४-४ मध्ये, 'एडी' हे मिश्रधातूचं चिन्ह. त्याच्या डोक्यावर मधोमध छोटा खड्डा असतो. खड्डा नसलेला मऊ रिवेट चुकून त्याच डब्यात आला, तर ठोकताना तो लोण्यासारखा बसतो आणि मन खूश होतं. पण त्याची ताकद फार कमी. डबे भरताना डोकी बघून भरा.

'एडी'च्या पुढचा आकडा जाडीचा, इंचाच्या बत्तिसाव्या भागात. शेवटचा लांबीचा, सोळाव्या भागात. लांबी स्वतः पडताळता येते. पत्र्यांच्या एकूण जाडीच्या पुढे रिवेट त्याच्या व्यासाच्या दीडपट बाहेर यायला हवा. समजा ०.०४० आणि ०.०२५ इंचाचे दोन पत्रे १/८च्या रिवेटने जोडायचे आहेत. जाडी ०.०६५, त्यात दीडपट व्यास ०.१८८ मिळवा: ०.२५३ इंच. चार सोळांश म्हणजे ०.२५०, म्हणून एएन४७०एडी४-४. नकाशात दिलेली लांबी आणि हे उत्तर यांत अर्ध्या मापाहून जास्त फरक पडला, तर रिवेट ठोकण्याआधी थांबा. एखादा पत्रा मध्ये घालायचा राहून गेलेला असू शकतो.

बर काढताना जोर लावू नका. हातातलं बर काढायचं पातं भोकावर दोन-तीन वेळा हलकं फिरवलं की पुरे. नखाला धार लागत नाही एवढंच बघायचं. जास्त फिरवलं तर भोकाची कड पातळ होऊन तिथे नकळत काउंटरसिंक तयार होतं. पत्र्यांच्या कडांना मात्र मेहनत द्या: कानस, मग चकतीवर पॉलिश, सगळ्या कडा गुळगुळीत. कातरीच्या कडेवरचे बारीक दात हीच तडा सुरू होण्याची जागा.

सपाट डोक्यासाठी १०० अंशांचा खड्डा लागतो. पातळ पत्र्यावर तो डायने दाबून करायचा, ०.०३२ इंचापेक्षा पातळ पत्र्यावर ३/३२च्या रिवेटसाठी धातू कापून काउंटरसिंक करायचं नाही, कारण खालची कड सुरीसारखी उरते. जाड लाँजरॉनवर (धडाच्या लांबीने जाणाऱ्या अँगलवर) उलट: तो दाबला जात नाही, म्हणून तिथे कापून खड्डा, आणि त्यात बाहेरच्या पत्र्याचा डिंपल बसतो. डिंपलला स्वतःची जाडी असल्यामुळे लाँजरॉनवरचा खड्डा नुसत्या रिवेटच्या डोक्याला लागतो त्याहून थोडा खोल हवा. किती, हे त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर ठरवा: डिंपल केलेला पत्र्याचा तुकडा त्यात ठेवून बघा, डुलायला नको आणि मध्ये फटही दिसायला नको. मायक्रोस्टॉपचा, म्हणजे खोली ठरवून काउंटरसिंक करणाऱ्या हत्याराचा, पिंजरा हाताने घट्ट धरा. तो फिरला तर प्रत्येक भोकाभोवती गोल ओरखडा उमटतो.

लाँजरॉन वाकवणं

धडातलं पहिलं घाबरवणारं काम हेच. वरचे लाँजरॉन म्हणजे साधारण ३/४ बाय ३/४ इंचाचे, १/८ इंच जाडीचे लांब अँगल. कॉकपिटजवळ धड रुंद, शेपटीकडे निमुळतं, म्हणून अँगलला सौम्य वळण द्यावं लागतं. आकडे नकाशात असतात. त्यांवरून प्लायवूडवर पूर्ण मापाचा साचा आखून घ्या. कागदाचा साचा ताणला जातो, प्लायवूडचा नाही.

पहिला घाव घालण्याआधी दोन्ही अँगल टेबलावर समोरासमोर ठेवा, विमानात असतील तसे, आणि प्रत्येकावर मार्करने लिहा: डावा, पुढचं टोक, वरची बाजू. दोन डावे लाँजरॉन बनवणारे लोक आळशी नसतात. दुसरा अँगल पहिल्याची हुबेहूब नक्कल करायला गेलेले असतात. दुसरा हा पहिल्याचा आरशातला हवा.

व्हाइसच्या जबड्यांवर लाकडाचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे लावा. अँगल वळणाच्या सुरुवातीला पकडा, मोकळं टोक एका हाताने वळणाच्या दिशेने ओढून धरा, आणि जबड्याच्या अगदी जवळ जड प्लास्टिकच्या हातोड्याने ठोका. ओढ नसेल तर हातोडा नुसता उसळतो. एक घाव, अँगल इंचभर पुढे, पुन्हा एक घाव. दर पाच-सहा घावांनंतर साच्यावर ठेवून बघा. धातू थोडा मागे येतोच, तो हिशेबात धरा. सगळं वळण एकाच जागी आणायचा प्रयत्न केला तर तिथे कोपरा पडतो, आणि तो पत्र्याखाली लपत नाही. बाहेरून रंग दिल्यावर आणखी उठून दिसतो.

बाजूला वाकवताना अँगलची आडवी बाजू हळूहळू खाली झुकते किंवा पिळते. हे अपेक्षित आहे. वळण जमलं की अँगल सपाट टेबलावर ठेवा, टोकं उचलली जातात का बघा, आणि पिळलेला भाग व्हाइसमध्ये धरून मोठ्या पान्याने उलट पीळ द्या. हे दोन्ही आलटून पालटून करावं लागतं. एक सुधारलं की दुसरं किंचित बिघडतं. जास्त वाकलं तर थोडं परत सरळ करता येतं, पण पुन्हा पुन्हा इकडे-तिकडे वाकवलेला अँगल विमानात घालू नका. लाँजरॉन धडाचा मुख्य भार वाहतो. नवा मागवा.

बल्कहेड, मधला भाग, फायरवॉल

बल्कहेडच्या, म्हणजे धडाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटींच्या, कामात विशेष काही नाही. दाबून बनवलेले हे भाग कारखान्यातून येतात तेव्हा त्यांच्या कडा ९० अंशांत नसतात. गुण्याने तपासून हातानेच सारख्या करा, नाहीतर पत्रा कडेवर सपाट बसणार नाही. गोल वळणावरची कड लाटेसारखी असेल तर फ्लूटिंगच्या पक्कडीने दोन भोकांच्या मध्ये चिमटे काढून भोकं एका रेषेत आणा.

मधला भाग मात्र जपून करायचा. पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे त्याची भार वाहणारी तुळई, इथे धडाच्या दोन भिंतींमध्ये शिरतो आणि बोल्टनी अडकतो. या दोन भिंतींमधलं अंतर स्पारच्या जाडीएवढंच हवं. नकाशातल्या मापाचे स्पेसर घालून, साधे स्वस्त बोल्ट लावून तो भाग बांधा, आणि पंख प्रत्यक्ष येईपर्यंत स्पेसर काढू नका. रिवेट ठोकताना हे अंतर आत ओढलं जातं, आणि मग पंख लावायच्या दिवशी स्पार अर्ध्यातच अडकतो. किटमधले घट्ट मापाचे खरे बोल्ट या टप्प्याला वापरायचे नाहीत. ते हातोड्याने आत-बाहेर केले तर भोकं मोठी होतात.

मागच्या स्पारचं भोकही असंच वाट बघणारं. बऱ्याच किटमध्ये ते पंख लावून, दोन्ही पंखांचा कोन आणि सरळपणा मोजल्यावरच पाडायचं असतं. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत किमान दोन व्यास अंतर हा सर्वसाधारण नियम. ५/१६च्या बोल्टला ५/८ इंच. धडाकडच्या पट्टीची कड आज 'नीट दिसावी' म्हणून घासलीत, तर ते अंतर पुढे कमी पडू शकतं.

इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधली भिंत, म्हणजे फायरवॉल, गंजरोधक स्टीलची असते, आणि स्टील ॲल्युमिनियमसारखं वागत नाही. ड्रिल वेगाने फिरवलं तर भोकाची जागा तापून कडक होते आणि मग कोणतंही टोक तिला लागत नाही. कमी वेग, जास्त दाब, तेलाचा थेंब, नवं ड्रिल. पाइप, वायर आणि केबलची मोठी भोकं आता पाडून ठेवावीत, पण फक्त जी नक्की ठरली आहेत तीच. इंजिन कोणतं हे ठरलं नसेल तर त्याच्या वायरची जागाही ठरलेली नाही. जोडांना अग्निरोधक सीलंट लावा. फायरवॉलच्या वरच्या कडेचे रिवेट आत्ता सोडा, त्याचं कारण शेवटी येईल.

पीळ

टेलकोन, म्हणजे धडाचा मागचा निमुळता भाग, उघडा असतो तेव्हा हाताने पिळला जातो. चारही बाजूंनी पत्रा बसून रिवेट झाले की तो बंद नळी होतो, आणि बंद नळी पिळाला विलक्षण दाद देत नाही. त्यामुळे शेवटची रांग मारताना त्यात जो पीळ असेल तो कायमचा राहतो. भोकं आधीच पाडलेल्या किटमध्ये पीळ येण्याची शक्यता कमी, शून्य नव्हे. एखाद्या बल्कहेडची कड उलटी-सुलटी झाली, किंवा धड ठेवलेले घोडे (आधाराचे स्टँड) असमान असले, तरी क्लेको ते सगळं मुकाट्याने सहन करतात.

धड दोन घोड्यांवर, लाँजरॉन आडवे येतील असं ठेवा. फायरवॉलपाशी, स्पारच्या बल्कहेडपाशी आणि शेपटीच्या शेवटच्या बल्कहेडपाशी, तिन्ही ठिकाणी दोन लाँजरॉनवर आडवी पट्टी टाकून पाणसळ ठेवा. प्रत्येक ठिकाणी पाणसळ उलटी फिरवून पुन्हा वाचा. दोन आकडे वेगळे आले तर दोष पाणसळीचा. डिजिटल पाणसळीवर ०.१ अंशाचा फरक म्हणजे दोन फूट रुंदीवर सुमारे १ मिलिमीटर. तिन्ही ठिकाणचा आकडा सारखा हवा. तो शून्यच हवा असं नाही, पण शून्यावर आणलं की हिशेब सोपा होतो.

मग मध्यरेषा. प्रत्येक बल्कहेडचा मध्य मार्करने खुणावून तिथून ओळंबा सोडा आणि जमिनीवर फायरवॉलपासून शेपटीपर्यंत ताणलेल्या दोरीशी त्याचं टोक जुळतं का बघा. ओळंबा डुलत असेल तर त्याचं टोक पाण्याच्या भांड्यात बुडवा, लगेच स्थिर होतो. एखादा बल्कहेड बाजूला सरकलेला दिसला तर जोराने ढकलून क्लेको लावू नका. आधी कारण शोधा. बहुतेक वेळा कुठल्यातरी पत्र्याची कड दुसऱ्याच्या आत जायच्याऐवजी बाहेर बसलेली असते.

एक गोष्ट फार कमी लोक बघतात: तापमान. ॲल्युमिनियमचा ३ मीटरचा पत्रा १५ अंश सेल्सियसने तापला की सुमारे १ मिलिमीटर लांब होतो. उघड्या दारातून ऊन फक्त एका बाजूच्या पत्र्यावर येत असेल, तर त्या वेळी जुळवलेली भोकं सावलीत जुळत नाहीत. माप घेणं आणि अंतिम ड्रिल, दोन्ही कामं सगळं धड एकाच तापमानाला असताना करा.

शेपटी बंद होण्याआधी

टेलकोनमध्ये माणूस एकदा आत जातो, तोही मोठ्या कष्टाने. रिवेटच्या मागे बार (आतून टेकवायचा जड धातूचा ठोकळा) धरायला आत शिरणारा मित्र सडपातळ हवा, आणि त्याच्याखाली दोन बल्कहेडवर टेकलेली रुंद फळी हवी. गुडघा थेट खालच्या पत्र्यावर टेकला की तिथे कायमचा खळगा पडतो. वरचा पत्रा बंद करण्याआधी पुढची कामं उरकलेली असली पाहिजेत.

रडरच्या केबलचे मार्ग आणि प्रत्येक बल्कहेडमधल्या भोकात प्लास्टिकचे बुश. शेपटीच्या दिव्याच्या आणि ट्रिम मोटरच्या वायरसाठी लवचीक नळी, आत एक रिकामी दोरी सोडून. पुढे आणखी वायर ओढावी लागतेच. आपत्कालीन बीकन आणि त्याच्या अँटेनाची जागा. एलिव्हेटरचा बेलक्रँक (हालचालीची दिशा बदलणारी तरफ) आणि त्याचे पुशरॉड (ढकलणारे दांडे), निदान एकदा पूर्ण फिरवून, कुठे घासत नाहीत हे बघून.

स्थिर दाबाची छिद्रं टेलकोनच्या दोन्ही बाजूंना असतात आणि आत एका टी-आकाराच्या जोडाने जोडलेली असतात. काही किटमध्ये ती छिद्रं घुमटाच्या डोक्याच्या पॉप रिवेटमधूनच काढलेली असतात. ते बाहेर आलेलं डोकं ओबडधोबड वाटतं, म्हणून लोक त्याजागी सपाट, चकचकीत तबकडी बसवतात आणि वेगमापक चुकीचा आकडा दाखवू लागतो. त्या डोक्यावरून वाहणारी हवा धरूनच छिद्राची जागा ठरवलेली असते. नकाशात जसं आहे तसंच ठेवा.

इंधन आणि ब्रेकच्या नळ्या मधल्या भागात, फरशीचे पत्रे बसण्याआधी वाकवा. इंधनाला साधारण ३/८ इंच आणि ब्रेकला १/४ इंच, मऊ ५०५२ ॲल्युमिनियमच्या. विमानातल्या जोडांना ३७ अंशांचं फ्लेअर (नळीचं पसरवलेलं तोंड) लागतं. मोटारगाडीच्या कामाचं ४५ अंशांचं हत्यार चालत नाही, आणि दोन्ही जोड बाहेरून सारखेच दिसतात. नट आणि स्लीव्ह आधी नळीत घाला, मग फ्लेअर करा. हे वाक्य भिंतीवर लावून ठेवायला हरकत नाही.

कंट्रोलच्या प्रत्येक बोल्टचं डोकं शक्यतो वर किंवा पुढे ठेवा, म्हणजे नट पडला तरी बोल्ट जागेवर राहतो. फिरणाऱ्या जोडाला, म्हणजे बोल्ट स्वतः ज्यात बिजागरी होतो तिथे, खाचांचा नट आणि कॉटर पिन. नायलॉनचा लॉकनट तिथे चालत नाही. लॉकनटच्या बाहेर किमान एक आटा दिसला पाहिजे. आवळण्याचा जोर एएन३ बोल्टला २० ते २५ इंच-पाउंड, एएन४ला ५० ते ७०. त्यात नट नुसता फिरवायला लागणारा जोर मिळवायचा. लॉकनट सैल फिरताना ८ इंच-पाउंड घेत असेल तर एएन३साठी २८ ते ३३वर पाना लावा. घट्ट झालेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढा. रेघ नसलेला नट म्हणजे घट्ट न केलेला नट, मग तुम्हाला काहीही आठवत असो.

या टप्प्याला दुसऱ्याचे डोळे बोलवा. ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संस्थेचे टेक्निकल कौन्सेलर नेमके याच कामासाठी असतात. ते नसतील तर असंच विमान बांधलेला कुणीही. बंद झालेला भाग तपासायला नंतर कुणी येऊ शकत नाही. फोटोही आताच काढा: प्रत्येक कोपऱ्याचे, आणि काहींमध्ये काम करणारे तुम्हीही दिसायला हवं. अमेरिकेत एफएए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमाप्रमाणे विमानाचा मुख्य भाग हौशी बांधणाऱ्यानेच शिक्षणासाठी किंवा छंद म्हणून बांधलेला असावा लागतो, आणि ते दाखवायचा पुरावा म्हणजे नोंदवही आणि फोटो. तुमच्या देशाचे नियम वेगळे असतील, तरी ही नोंद उपयोगी पडतेच.

रिवेटची रांग

लांब पत्रा मधून सुरू करून कडांकडे जायचा. दोन्ही टोकांकडून मध्ये आलात तर जास्तीचा पत्रा मध्ये गोळा होतो आणि बोटाने दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखा टक टक वाजतो. एक सोडून एक भोकात क्लेको, मोकळ्या भोकांत रिवेट, मग क्लेको काढून उरलेली.

तीन-चार पत्रे एका कोपऱ्यात एकमेकांवर येतात तिथे जाडी वाढून फट राहते. आतल्या पत्र्यांचे कोपरे कानशीने उतरते करा, म्हणजे ते शून्यापर्यंत पातळ होत जातील. हे पत्रा सुटा असतानाच होतं. वर येणाऱ्या पत्र्याची कड रोलरने अगदी किंचित आत वळवली, तर रिवेट झाल्यावर ती घट्ट टेकते.

गनचा दाब ३/३२साठी साधारण ३० ते ४० पीएसआय, १/८साठी ४० ते ५०. टाकाऊ तुकड्यावर आधी बघा. गन आधी घट्ट टेकवा, आतल्या माणसाने बार टेकवल्याची खूण दिली की मगच ट्रिगर. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आतून रिवेटवर टकटक करण्याची प्रचलित पद्धत आहे: एक टकटक, अजून ठोक, दोन, चांगला बसला, तीन, बिघडला, काढायचा. तयार झालेलं आतलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. १/८साठी म्हणजे सुमारे ०.१८८ इंच रुंद, ०.०६३ उंच. मापाची पट्टी घेऊन सुरुवातीचे सगळे मोजा, पुढे डोळा तयार होतो.

डोकं एका बाजूला कललं तर बार तिरका होता. गोल डोक्याशेजारी पत्र्यावर चंद्रकोर उमटली तर गनचा कप घसरला. आतलं डोकं पसरट, चपटं झालं तर जास्त ठोकलं किंवा रिवेट आखूड होता. थोडं कमी बसलेलं डोकं पुन्हा ठोकता येतं. काढायचाच असेल तर डोक्याच्या मधोमध त्याच मापाचं किंवा एक नंबर लहान ड्रिल, फक्त डोक्याच्या खोलीपर्यंत; मग पंच घालून डोकं मोडा, मागे आधार देऊन उरलेला दांडा हलकेच ठोकून काढा. भोक मोठं झालंच तर एनएएस१०९७ हा रिवेट कामी येतो: दांडा १/८चा, डोकं ३/३२एवढं. पण किंचित वाकड्या डोक्याचा रिवेट काढण्याच्या नादात भोक अंडाकृती करण्यापेक्षा तो तसाच ठेवलेला पुष्कळदा बरा. नवशिक्यांच्या हातून जास्त नुकसान रिवेट बसवताना होत नाही, काढताना होतं.

पुढचा वरचा पत्रा

मागचं आणि मधलं धड जोडलं, खालचे आणि बाजूचे पत्रे बंद झाले, की विमान अचानक विमानासारखं दिसू लागतं. याच वेळी फायरवॉल आणि विंडशील्डच्या मधला वरचा पत्राही रिवेट करावासा वाटतो. तो क्लेकोंवरच ठेवा. त्याच्याखाली रडर पेडल, ब्रेकच्या नळ्या, उपकरणांची मागची बाजू आणि वायरिंगचा सगळा गुंता येतो, आणि पत्रा उघडा असेल तर ते काम उभं राहून, उजेडात होतं. बंद केला तर पाठीवर झोपून, डोकं पेडलमध्ये घालून करावं लागतं. म्हणूनच फायरवॉलच्या वरच्या कडेचे रिवेट सोडले होते.

हा पत्रा ज्या दिवशी बसवाल, त्याच्या आदल्या दिवशी सगळी उपकरणं चालू करून बघा, ब्रेकमध्ये तेल भरून पेडल दाबून ठेवा आणि प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद पसरून रात्रभर राहू द्या.